शुक्लपक्ष वस्तीचा सामान्यांक

हेमांगी तांडेलच्या डोक्यावर कमान लाल झाली तेव्हा तिच्या हातात नमुन्यांची पेटी होती आणि पलीकडे यीस्टच्या अठरा टाक्या सकाळच्या खाण्यासाठी खोळंबल्या होत्या. ती एक पाऊल मागे आली, पुन्हा पुढे झाली. पुन्हा लाल. दार हललं नाही.

"बिघडली असेल मेली," मागून सुलोचना गिते म्हणाली. सुलोचना वस्तीच्या स्वयंपाकघराची प्रमुख. अंबाजोगाईची, अंगानं भरलेली, तोंडाची फटकळ. "सरक, मी बघते." ती कमानीखाली उभी राहिली. कमान हिरवी झाली, दार सरकलं. "नाही गं माय, चांगली धडधाकट आहे. तुझ्याशीच कट्टी दिसते तिची."

हेमांगीला हसू आलं नाही. दुमडलेल्या बाह्या तिनं खाली ओढल्या. दोन्ही कोपरांवर लालसर चट्टे होते आणि त्यांवर चंदेरी पापुद्रे.

चंद्राच्या दक्षिण ध्रुवाजवळ एका विवराच्या काठावर शुक्लपक्ष वस्ती होती. तिथे दोनशे बारा माणसं राहत, आणि त्यांच्या ताटातलं निम्म्याहून अधिक प्रथिन हेमांगीच्या टाक्यांतून येई. ती श्रीवर्धनची. मासळी सुकवणाऱ्या घरात वाढल्यामुळे तिचं नाक असं तयार झालं होतं की कोणती टाकी उपाशी आहे आणि कोणती बिघडायला लागली आहे, हे ती झाकण उघडण्याआधीच सांगे. पाच वर्षं तिनं ते काम एक दिवसही न चुकता केलं होतं.

मागच्या वर्षी जेवणातून एक जंतू पसरला आणि अर्धी वस्ती आठवडाभर आडवी झाली. तेव्हापासून वस्तीप्रमुख यशोधन केंकरे यांनी पृथ्वीकडे धोशा लावला होता. अखेर महिन्यापूर्वी या कमानी आल्या आणि आज सकाळी सुरू झाल्या. माणूस खाली उभा राहिला की कमान त्याच्या घामातून आणि श्वासातून एकच गोष्ट मोजी: 'निरोप्या सतरा' नावाचं प्रथिन. आकडा हद्दीत असला तर हिरवा दिवा, वर गेला तर लाल. लाल माणसाचा अन्नपरवाना, म्हणजे अन्न हाताळण्याची परवानगी, तिथल्या तिथे रद्द.

"लागट आहे का हे?" त्याच दुपारी आपल्या दालनात केंकरेंनी विचारलं. तिला नाही, शेजारी बसलेल्या डॉक्टरांना. विचारताना त्यांनी आपली खुर्ची वीतभर मागे घेतली. हेमांगीनं ते पाहिलं.

"नाही," डॉ. इब्राहिम मुजावर म्हणाले. मिरजेचे, चौसष्ट वर्षांचे, आणि एखादी गोष्ट दहादा सांगावी लागली तरी आवाज न चढवणारे. "सोरायसिस कुणाचा कुणाला लागत नाही. साहेब, तुमची कमान मोजते काय, ते आधी समजून घ्या. आपल्या कातडीत पहारेकरी पेशी असतात. बुरशी किंवा जंतू आत शिरू पाहतो, तेव्हा त्या निरोप धाडतात. निरोप म्हणजे प्रथिनाचा बारीकसा कण. असे पुष्कळ निरोपे आहेत, म्हणून आम्ही त्यांना क्रमांक दिलेत. तेवीस क्रमांकाचा पहाऱ्यावरच्या पेशींना सांगतो, झोपू नका. मग त्या सतरा क्रमांकाचा सोडतात. सतरा कातडीला जाऊन सांगतो, भिंत बांध, लवकर बांध, आणि कुमक बोलाव."

"आणि यांच्यात?"

"हिच्यात चोर आलेलाच नाही. निरोप मात्र अखंड चालू आहे. तुमच्या-माझ्या कातडीची पेशी तळातून वर येऊन गळून पडायला महिनाभर घेते. हिच्या कोपरावर तेच काम चार-पाच दिवसांत उरकतं. विटा पक्क्या व्हायच्या आधीच वर ढकलल्या जातात, म्हणून हे पापुद्रे. गावी ऊन होतं तोवर ते आटोक्यात राहिलं. इथे कातडीवर उन्हाची तिरीप पडत नाही."

"पण औषध आहे ना? रोधक! तांडेल मॅडम, तुमच्याच नवव्या टाकीत बनतं ते."

रोधक म्हणजे निरोप्या सतराला वाटेतच पकडून ठेवणारं प्रथिन. वस्तीतल्या आठ जणांना ते दर तीन दिवसांनी सुईनं दिलं जाई. कुणाच्या सांध्यांसाठी, कुणाच्या पाठीच्या मणक्यांसाठी.

"मी सहा वर्षं घेतलंय ते," हेमांगी म्हणाली. "उत्तम औषध आहे. कातडी लख्ख झाली होती माझी. पण तेव्हा मी यीस्टच्या धुक्यात दिवसाचे आठ तास उभी राहत नव्हते. आपलं वाण कसलं आहे, आठवतं ना? टाक्या थंड करायला वीज लागू नये म्हणून सदतीस अंशांवर वाढणारं यीस्ट आपण मुद्दाम तयार केलं. सदतीस अंश म्हणजे आपल्या तोंडातली ऊब. ते आपल्या अंगात घर करत नाही, कारण सतरा त्याला करू देत नाही. त्या सतरालाच बांधून घालून मी आत जाऊ?"

"कमान हिरवी होईल."

"होईल की. आणि उद्या मला खरोखर बुरशी लागली, तरी हिरवीच राहील. निरोप्याला कोंडून ठेवल्यावर निरोप आणणार कोण?"

केंकरेंनी कपाळ चोळलं. माणूस दुष्ट नव्हता. त्यांना फक्त आकडा आवडे, कारण आकड्याशी हुज्जत घालावी लागत नाही. "नियम सगळ्यांना सारखा, मॅडम. रोधक घ्या आणि उद्यापासून कामावर या. नाहीतर सहा महिन्यांनी माणसांचं यान येतंय, त्यानं परत जा."

"मी पाच वर्षं ही वस्ती पोसली."

"म्हणूनच विनंती करतोय."

हेमांगी उठली. खाज सहन करून ती ज्यांच्यासाठी आत उभी राहिली होती, त्यांनीच तिला दाराबाहेर काढलं होतं, आणि वर त्याला विनंती म्हणत होते.

त्या दिवसापासून ती काचेबाहेर बसून आतल्या दोघा सहकाऱ्यांना ध्वनिक्षेपकावरून सूचना देऊ लागली. "चौथीला साखर कमी पडतेय," काचेतून फेस बघून ती सांगे, आणि ते झाकण उघडून वास घेत आणि गोंधळून तिच्याकडे बघत. भोजनगृहाच्या दारातही कमान होती. लाल माणसांना बाजूच्या खिडकीतून ताट मिळे. पहिला आठवडा तिथे ती एकटीच होती.

मग माणसं वाढू लागली. कुणाचा गुडघा फुटला होता, कुणाला पडसं झालं होतं, कुणाची अक्कलदाढ ठणकत होती. शरीरानं जिथे म्हणून पहारा बसवला होता, तिथे सतराचा आकडा चढला होता आणि कमान लाल झाली होती. लाल माणूस रोधकाची एक सुई घेई, दोन दिवसांत हिरवा होऊन परवाना परत मिळवी आणि आत जाई. सोपं होतं. नवव्या टाकीची मागणी आठांवरून तीसवर गेली, तीसवरून नव्वदवर.

एके दुपारी खिडकीशी सुलोचना उभी होती, गालावर हात धरून.

"हिरड्या सुजल्यात," ती म्हणाली. "माझ्याच स्वयंपाकघरात मला खिडकीतून ताट! भिकाऱ्यासारखं. आणि डाळ कशी केलीय बघ, नुसतं पिवळं पाणी."

"हिरड्यांचा इलाज कर. रोधक घेऊ नकोस."

"हिरड्यांना पंधरा दिवस लागतील. सुईला दोन." सुलोचनानं डोळे मिचकावले. "तू राहा बाई मानी. तुला टाक्या ध्वनिक्षेपकावरून सांभाळता येतात. मला फोडणी ध्वनिक्षेपकावरून देता येत नाही."

"सुले, तू रोज कच्चं यीस्ट मळतेस. हातानं."

"पाच वर्षं मळतेय. काही झालं?"

"पाच वर्षं तुझ्याकडे सतरा होता."

"आता तुझा पाढा पुरे," सुलोचना म्हणाली आणि ताट घेऊन गेली. तिसऱ्या दिवशी ती हिरव्या कमानीखालून आत शिरली, आणि शिरताना हेमांगीकडे बघून तिनं जीभ काढून दाखवली, शाळकरी पोरीसारखी. जीभ तेव्हा गुलाबी होती.

पुढच्याच पंधरवड्यात एक चमत्कारिक गोष्ट झाली. ज्यांना पडसं नव्हतं, जखम नव्हती, दातही दुखत नव्हता, अशी माणसंही एकामागून एक लाल होऊ लागली. मुजावरांनी त्यांना नखशिखांत तपासलं. काही सापडलं नाही. ते हेमांगीकडे आले आणि तिच्या शेजारच्या बाकावर बसले.

"हद्द कशी ठरते, तुला ठाऊक आहे?" त्यांनी विचारलं.

"सामान्याच्या दुप्पट."

"आणि सामान्य म्हणजे किती?"

हेमांगी थबकली. चार महिने आकड्यांशी झगडूनही हा प्रश्न तिनं स्वतःला विचारला नव्हता.

"त्याला ते सामान्यांक म्हणतात," मुजावर म्हणाले. "मी पृथ्वीवरून माहितीपुस्तिका मागवून वाचली. ज्यांच्याकडे अन्नपरवाना आहे, तेवढ्यांच्या आकड्यांची सरासरी. दर पंधरा दिवसांनी कमान ती स्वतःच नव्यानं काढते. अन्न हाताळणारी माणसं सर्वांत निरोगी असणार, म्हणून मोजायची ती त्यांनाच, असा बनवणाऱ्यांचा हिशेब. आता एक शाळा डोळ्यांपुढे आण. तिच्या दाराची उंची दर महिन्याला ठरते, आत आलेल्या मुलांवरून. दारात डोकं आपटून जी बाहेर राहिली, ती मोजलीच जात नाहीत. मग काही मुलं युक्ती काढतात. रांगत आत येतात. ती मात्र मोजली जातात."

"म्हणजे पुढच्या महिन्यात दार खाली येतं."

"आणि मग मधल्या उंचीची मुलं अडतात. तीही रांगायला शिकतात."

"दार आणखी खाली." हेमांगीचा आवाज चिरकला. "डॉक्टर, शेवटी सगळी शाळा रांगायला लागेल! आणि जो ताठ चालेल तो आजारी ठरेल."

"सुरुवातीला सामान्यांक शंभर होता. आज बावीस आहे. निरोगी माणसाचा आकडा अजूनही शंभरच आहे, आणि हद्द झालीय चव्वेचाळीस."

दोघं तसेच उठून केंकरेंकडे गेले. केंकरेंनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि भिंतीवरचा फलक दाखवला. दोनशे बारा ठिपके. एकेक सुई घेतल्यावर, तीन-चार सोडले तर सगळे हिरवे.

"ही वस्ती इतकी निरोगी कधीच नव्हती," ते म्हणाले.

"ही वस्ती इतकी मुकी कधीच नव्हती!" हेमांगी ओरडली. "तुम्ही आजार मोजत नाही आहात. तुम्ही आजाराची बातमी आणणाऱ्यांना मोजताय, आणि त्यांना एकेक करून गप्प बसवताय."

"सामान्यांक पृथ्वीवरून मोहरबंद आहे. मला बदलता येत नाही. आणि खरं सांगू का मॅडम? यात तुमचा राग बोलतोय."

"हो, राग बोलतोय. म्हणून चव्वेचाळीसचे शंभर होत नाहीत."

केंकरेंनी फलकाकडे पाहिलं. मग दंडावरची सुईची जागा नकळत चोळली. त्यांनाही परवा लाल दिवा लागला होता.

तीन आठवड्यांनी सुलोचना दवाखान्यात आली, भिंतीला धरून. आवाज येत नव्हता. तिनं घशाकडे बोट दाखवलं आणि पाणी नको अशी खूण केली. मुजावरांनी तिच्या तोंडात बॅटरीचा झोत टाकला. जिभेवर, टाळ्यावर आणि खाली दिसेल तिथवर दह्याच्या साईसारखा पांढरा थर होता. खरवडला तर खाली रक्ताळलेलं. यीस्टनं तिच्या अन्ननलिकेपर्यंत घर केलं होतं. वस्तीला पाच वर्षं जेवू घालणाऱ्या बाईला पाण्याचा घोट उतरत नव्हता.

येताना ती स्वयंपाकघराच्या कमानीखालून आली होती. कमान हिरवी होती.

मुजावरांनी त्या दिवशी हातात बॅटरी आणि चमचा घेतला, आणि प्रत्येकाला तोंड उघडायला लावलं. संध्याकाळपर्यंत दोनशे बारापैकी एकशे एक्केचाळीस तोंडं पांढरी निघाली. केंकरेंचंही. कुणी म्हणालं, चव गेली होती खरी. कुणी म्हणालं, वाटलं उष्णता झाली असेल. एकालाही शंका आली नव्हती, कारण रोज सकाळी कमान सांगत होती की तू बरा आहेस.

वस्तीच्या नियमांत साथीच्या वेळी डॉक्टरचा शब्द वस्तीप्रमुखाच्या वर होता. मुजावरांनी तो वापरला. रोधक बंद, सांध्यांचे ते आठ रुग्ण त्यांनी स्वतःच्या नजरेखाली घेतले. सगळ्यांचे अन्नपरवाने रद्द. जो तो आपापल्या खोलीत. बुरशीचं औषध साठ जणांपुरतं होतं, ते सर्वांत वाईट अवस्थेतल्यांना. बाकीच्यांना वाट बघायची होती, आपापला निरोप्या सतरा मोकळा होऊन परत कामाला लागण्याची.

"पण टाक्या?" केंकरेंनी कण्हत विचारलं. "आठ दिवसांत जेवण संपेल."

"टाक्यांत जाऊ शकेल असा एकच माणूस वस्तीत आहे," मुजावर म्हणाले. "तोंड स्वच्छ, सतरा जागेवर, आणि काम येणारा."

त्यांनी हेमांगीचा परवाना स्वतःच्या सहीनं परत दिला. वस्तीतला तेवढा एकच परवाना आता चालू होता.

पहिल्या सकाळी ती आत शिरली आणि चौथ्या टाकीजवळच थांबली. आंबूस, कुबट वास. पाच महिने ती हेच सांगत होती. तिनं अंगावरचा अंगरखा फेकला, उघड्या कोपरांनी टाकी रिकामी केली, घासली, आणि घासताना एकेकाचं नाव घेऊन शिव्या दिल्या. कोळीवाड्यातल्या, खणखणीत. ऐकायला कुणी नव्हतं. मग ती स्वयंपाकघरात गेली, दोनशे अकरा जणांची पेज शिजवली आणि ढकलगाडीवर घालून दारोदार निघाली.

ज्यांनी जेवताना तिच्यापासून दोन खुर्च्या सोडल्या होत्या, त्यांनी दार उघडून ताट घेतलं. काहींनी मान खाली घातली. तिला ती खाली घातलेली मानही नको होती. केंकरेंच्या दारात ती म्हणाली, "पापुद्रा पडला असेल तर बाजूला काढा. लागट नसतो."

"मॅडम, मी..."

"पेज गार होतेय."

फक्त सुलोचनापाशी ती बसे. सुलोचनाच्या दंडाला सलाईन होतं, गाल आत गेले होते. सतराव्या दिवशी तिनं चमचाभर पेज गिळली आणि घोगऱ्या आवाजात पहिलं वाक्य उच्चारलं, "मीठ नाही यात."

हेमांगी तेव्हा रडली. दिवस संपेपर्यंत मात्र ती पुन्हा संतापलेलीच होती.

साथ हळूहळू ओसरू लागली. रोधकाचा अंमल उतरल्यावर माणसांचे निरोपे परतले आणि यीस्टशी झुंजू लागले. झुंज चालू असेपर्यंत प्रत्येकाचा सतरा चढलेला राहणार होता. कुणाचा तीनशे, कुणाचा चारशे. मुजावरांच्या मते अजून दोन महिने तरी. तोंड सलग तीन महिने स्वच्छ दिसल्याशिवाय कुणालाही परवाना नाही, असं त्यांनी ठरवलं होतं. म्हणून महिन्याभरानं केंकरे दवाखान्यात हसऱ्या चेहऱ्यानं आले, तेव्हा हेमांगीला काही कळेना.

मुजावरांनी पाच महिन्यांपूर्वी मागवलेल्या दिव्याच्या चार नळ्या मालवाहू यानातून नुकत्याच आल्या होत्या. त्यांच्यातून अतिनील प्रकाशाचा नेमका हवा तेवढाच पट्टा बाहेर पडे. गावच्या उन्हाचं काम करणारा, पण मोजून-मापून. "रोधक सगळ्या अंगातला निरोप अडवतो," मुजावर तिला समजावत होते. "हा प्रकाश पडेल तिथेच पहारेकऱ्यांना शांत करतो. कोपर, पाठ, नडग्या. तुझ्या तोंडातला पहारा जागाच राहील. टाक्यांचं काम सोडावं लागणार नाही."

"हिरवे!" केंकरे दारातूनच म्हणाले. "काल रात्री सामान्यांक नव्यानं निघाला. सगळे खोल्यांत होते, म्हणून महिन्याभरात पहिल्यांदाच आज सकाळी कमानी तपासल्या. दोनशे बारा हिरवे! तीन-चारशे आकडा असलेलेसुद्धा."

मुजावरांनी नळी खाली ठेवली. "सामान्यांक किती आला?"

"आठशे ऐंशी."

हेमांगी हसायला लागली. ते हसणं ऐकून केंकरे मागे सरकले.

"परवाना एकट्या माझ्याकडे," ती म्हणाली. "सरासरी एकटीची. मीच तुमची सामान्य! आठशे ऐंशी, आणि हद्द त्याच्या दुप्पट. कुणी मरायला टेकला तरी आता तुमची कमान लाल होणार नाही."

"मला समजतंय ते," केंकरे खालच्या आवाजात म्हणाले. "पण अहवाल कमानीवरूनच जातो. पृथ्वीवरची समिती महिन्याभरात निर्णय घेणार आहे. शाळांच्या दारांत या कमानी बसवायच्या की नाहीत, त्याचा. आपली वस्ती त्यांची चाचणी आहे. दोनशे बारा हिरवे गेले, तर साथ झालीच नाही असं धरलं जाईल. माझं सोडा, सगळ्या वस्तीचं नाव राहील." त्यांची नजर त्या नळ्यांवर गेली. "हा उपचार... एक महिना पुढे ढकलता येईल का? तुमचा आकडा खाली आला तर सामान्यांक खाली येईल, आणि मग सगळेच..."

ते थांबले. बोलून झाल्यावर आपण काय बोललो, ते बहुधा त्यांच्याच कानांनी ऐकलं.

शाळांच्या दारांत. हेमांगीला श्रीवर्धनच्या शाळेतला शेवटचा बाक आठवला. बारा वर्षांची असताना बाईंनी तिला तिथे एकटीला बसवलं होतं, वर्षभर. ते निदान एका बाईंचं अज्ञान होतं. आईला जाऊन भांडता तरी आलं होतं. कमानीशी कोण भांडणार? गुडघा फुटलेलं पोर दाराबाहेर, हिरडी सुजलेलं पोर दाराबाहेर, आणि तोंडात पांढरा थर घेऊन आलेलं पोर आत.

"केंकरेसाहेब," ती म्हणाली, आणि तिचा आवाज इतका सपाट होता की मुजावरांनी वर पाहिलं, "सहा महिने तुम्हाला माझी कातडी बरी व्हायला हवी होती. आता ती आजारी राहायला हवी आहे. या सगळ्यात एकदाही तुम्ही विचारलं नाहीत, की तिला खाज सुटते का."

केंकरेंनी पहिल्यांदाच तिच्या कोपरांकडे नीट पाहिलं. मग त्यांनी विचारलं, "सुटते?"

हेमांगीनं काळा चष्मा डोळ्यांवर चढवला, बाह्या खांद्यापर्यंत दुमडल्या आणि दोन्ही कोपर नळ्यांखाली ठेवले. "लावा, डॉक्टर."

पहिल्या दिवशी चाळीस सेकंद. मग आठवड्यातून तीनदा, दर वेळी थोडे अधिक. दुसऱ्या आठवड्यात खाज कमी झाली. तिसऱ्यात पापुद्रे विरळ झाले. चौथ्यात कोपर वाकवताना कातडी तडकेनाशी झाली, आणि ती टाक्यांमधून चालताना दोन-तीनदा नुसतीच हात वाकवून, सरळ करून बघत राहिली. टाक्या रोज वेळेवर जेवत होत्या.

समितीच्या बैठकीच्या दिवशी सकाळी कमानींनी सामान्यांक नव्यानं काढला. एकशे तीस. हद्द, दोनशे साठ. केंकरे आपल्या खोलीतून निघून भोजनगृहाच्या दाराशी आले आणि लाल झाले. त्यांच्यामागचा लाल झाला. त्याच्यामागची लाल झाली. तासाभरात अजून झुंजत असलेली एकशे सव्वीस माणसं लाल झाली आणि तो फलक जसाच्या तसा पृथ्वीवर पोचला.

अर्ध्या तासात समितीच्या अध्यक्षबाईंचा चेहरा पडद्यावर आला. चेहरा घाबरलेला होता. केंकरे बोलायला उभे राहिले, मग हेमांगीकडे वळले. त्यांनी बाजूला होऊन हेमांगीला जागा दिली.

"काल संध्याकाळपर्यंत वस्तीत एकही आजारी नव्हता," अध्यक्षबाई म्हणाल्या. "एका रात्रीत एकशे सव्वीस? तिथे अचानक झालं तरी काय?"

"काही नाही," हेमांगी म्हणाली. "मी बरी झाले."